बरी झालेली बाई

"चार वर्षांच्या पोट्ट्याले कितवा नंबर लागते जी?"

सरिताने आधी हा आवाज ऐकला आणि मग ती बाई पाहिली. आर्वीचा बाजार ऐन भरात होता. ज्या घरी ती भेटीला आली होती त्या घराला कुलूप होतं, वर्ध्याच्या बसला अवकाश होता, म्हणून ती नुसतीच ओळीओळींतून हिंडत होती. चपलांचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली एक ताडपत्री. तिच्यापुढे ती बाई उकिडवी बसली होती. तेल लावून चापून बसवलेले केस, धुऊन धुऊन मऊ झालेली निळी साडी, आणि हातात लहान मुलाच्या सँडलचा एक जोड. दुकानदार म्हणाला, "माप काऊन नाई आणलं बाई? सुतळीनं मोजून आणाचं ना." बाई हसली. "पाय माह्याजवळ नाई ना बाप्पा. वर्ध्याले वसतिगृहात हाय तो." मग मुलगा केवढा ते दाखवायला तिने जमिनीपासून हात वर धरला. थोडा वर नेला, पुन्हा खाली आणला. तो हात कुठे थांबावा हे तिला ठरवता येत नव्हतं. त्या हाताच्या मनगटावर कातडीत मुरलेला एक पांढरट वळ होता. सरिताने तो वळ ओळखला. ती दोन पावलं मागे सरली आणि शेजारच्या कांदेवाल्याच्या पोत्यांआड उभी राहिली. चोरी करताना कुणी पाहिलं की माणूस उभं राहतं, तशी. बाईने शेवटी जरा मोठाच जोड घेतला. "वाढतं अंग हाय," ती दुकानदाराला म्हणाली, "आज नाई त उद्या व्हईन." तिच्या बोलण्यात कसलीही घाई नव्हती, डोळ्यांत भिरभिर नव्हती. पंचफुला बरी झाली होती.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली तरी सरिताला बाहेरचं काही दिसलं नाही. कपाशीची शेतं, पऱ्हाट्या, पांढरे ठिपके मागे जात राहिले. पंचफुला बरी होईल असं कुणाला वाटलं होतं? हा प्रश्न ती स्वतःला विचारत होती, पण त्याचा सूर तक्रारीचा लागत होता. बाई बरी झाली याची तक्रार. नाचणगावचं ते घर तिला आठवलं. शेजारच्या कुणीतरी मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला होता म्हणून ती, बाल संरक्षण कार्यालयातला तिचा सहकारी रुपेश आणि एक महिला शिपाई असे तिघे गेले होते. आत अंधार, आणि त्या अंधाराला लघवीचा आणि आंबलेल्या भाताचा वास. खाटेच्या गाताला पंचफुलाचे हात नायलॉनच्या दोरीने बांधलेले. केसांच्या जटा झालेल्या. दीडेक वर्षाचं पोर जमिनीवर बसून दोरीचं लोंबणारं टोक चोखत होतं. पंचफुलाचा भाऊ हरिदास दारात उभा राहून सांगत होता, "काय करू मॅडम, पोराले घेऊन विहिरीवर जाऊन बसते. कोठीत लपवते त्याले, दाण्यात. बाळंतपणापासून असंच चालू हाय. नवरा पहिलेच हैदराबादले पळाला." आणि पंचफुला खाटेवरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती. आवाज बसलेला, पण शब्द स्पष्ट. "माह्या पोराले न्यायले येऊन राह्यले. मी सांगतलं होतं ना, येऊन राह्यले." सरिताने पोराला उचललं तेव्हा त्याने तिच्या कानातलं घट्ट धरलं होतं. बाहेर येईपर्यंत कान सुजला. त्या वेळी तिला फक्त कान दुखल्याचं जाणवलं होतं. बाईच्या बोलण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. वेड्या बाईचं बोलणं म्हणून ते तिने घराबाहेर पाऊल टाकतानाच सोडून दिलं होतं. आता बसच्या खडखडाटात ते तिला पहिल्यांदा ऐकू आलं. त्या घरात त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटीच होती.

पंचफुलाचा पियुष ही सरिताच्या नोकरीतली सर्वांत चांगली केस होती. प्रशिक्षणात नव्या मुलामुलींना काही सांगायची वेळ आली की ती हीच सांगे. इतर केसेस सांगण्यासारख्या नसत. सोडवून आणलेल्या पोरी परत जात, परत नांदत, परत मार खात. थांबवलेली लग्नं दुसऱ्या तालुक्यात लागत. बापाच्या हातून काढून आणलेली पोरं बापाच्याच आठवणीने बालगृहाच्या भिंतीवरून उड्या मारत. एकाचाही शेवट होत नसे. पियुषचा मात्र झाला होता. आई मनोरुग्णालयात, बाप बेपत्ता, मामाने बालकल्याण समितीपुढे हात जोडलेले, "माह्याच तीन लेकरं हायेत साहेब, हे चौथं मी नाई पाहू शकत." वर्षाहून जास्त काळ कुणी भेटायला आलं नाही. सरिता स्वतः एकदा मनोरुग्णालयात जाऊन आली. पंचफुला एका भिंतीशी बसून रंगाचे पापुद्रे नखाने काढत होती, तिने वर पाहिलंही नाही, आणि तिथले डॉक्टर म्हणाले, सुधारणेबद्दल काही सांगता येत नाही. मुलाचं कुणी असेल तर पुढे यावं अशी पेपरांत जाहिरात दिली गेली. मुदत संपली. मग एक दिवस फार लांबून एक जोडपं आलं. बाईने पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. पियुष तीन वर्षांचा झाला होता. कितीतरी दिवस त्याला त्या दोघांचे फोटो दाखवून ठेवले होते. तो उठला, सरळ त्या बाईपाशी गेला आणि तिच्या मांडीवरची पर्स उघडून आत काय आहे ते पाहू लागला. सगळे हसले. बाई रडायला लागली. त्या संध्याकाळी सरिताने घरी पेढे नेले होते. रत्नदीपने, तिच्या नवऱ्याने, विचारलं होतं, "आज काय विशेष?" आणि ती म्हणाली होती, "एक तरी पोरगं पार लागलं."

बाजारात दिसल्यानंतर पुढच्याच आठवड्यात पंचफुला कार्यालयात आली. दाराशी चपला काढून ठेवल्या, आणि कुणी सांगेपर्यंत खुर्चीवर बसली नाही. "तुम्हीच का जी सरिता मॅडम? भावानं सांगतलं, मॅडमजवळ हाय म्हणून पोट्टा. वसतिगृहात टाकला म्हणे, शिकून राह्यला." तिने सरिताला ओळखलं नव्हतं. ओळखण्यासारखं तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं. "मले त्या वख्ताचं काही याद नाई. आता तब्येत चांगली हाय. गोळ्या चालू हायेत, एक नाई चुकवली. भावाजवळ राह्यते आर्वीले, मार्केट यार्डात सोयाबीन चाळाले जाते." पिशवीतून सँडल काढून तिने टेबलावर ठेवल्या, मग टेबलावर चपला ठेवू नयेत हे आठवून घाईघाईने मांडीवर घेतल्या. शेजारच्या टेबलावर रुपेशची बोटं संगणकावर थांबली. सरिताने तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज ऐकला, "आज साहेब रजेवर आहेत. पुढच्या आठवड्यात या." पंचफुलाने मान डोलावली. जणू तिला मिळालं ते उत्तर पुरेसं होतं. "घाई नाई जी. शाळा बुडाले नाई पाह्यजे त्याची." ती गेल्यावर रुपेश हळूच म्हणाला, "मॅडम, दत्तकाची ऑर्डर होऊन वर्ष झालं. अपिलाची मुदतसुद्धा गेली. आणि आपण तर रीतसर जाहिरात दिली होती."

"ती तेव्हा भिंत खरवडत होती रुपेश. पेपर नव्हती वाचत."

"मग आपण काय करणार होतो? पोराला दहा वर्षं तसंच ठेवलं असतं?"

ठेवलं असतं तर काय झालं असतं हे सरिताला ठाऊक होतं. वाट पाहत मोठी झालेली पोरं तिने पाहिली होती. दर रविवारी फाटकाकडे तोंड करून बसणारी, आणि मग एका रविवारी न बसणारी. पियुषची आई बरी होईपर्यंत थांबायचं होतं असं म्हणणाऱ्याला तिने स्वतःच वेड्यात काढलं असतं. तिने केलं ते बरोबर होतं. ती हे मनात उलटून पालटून पाही आणि प्रत्येक बाजूने ते बरोबरच निघे. रत्नदीपही जेवताना तेच म्हणाला, "तू काही चुकीचं केलं का? नाही ना? मग जिवाला कशाला लावून घेते?" ती भाकरीचा तुकडा मोडत बसली. चूक असती तर बरं झालं असतं, तिच्या मनात आलं. चुकीला माफी मागता येते, समोरच्याला शिव्या तरी देता येतात. इथे दोन बाया होत्या, एक पोर होतं, आणि तिघांपैकी कुणाचंच काही चुकलं नव्हतं. अशा वेळी माणसाने जायचं कोणाकडे? आंघोळ करताना, भाजी चिरताना, दुसऱ्याच कुणाच्या घरी ओट्यावर बसून दुसऱ्याच पोराची चौकशी करताना तिला तो हवेत धरलेला हात दिसे. वर, मग खाली.

पंचफुला पुन्हा आली. सरिता नव्हती, खरोखरच नव्हती, आष्टीला गेली होती, आणि परत आल्यावर हे कळून तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला शिसारी आली. पंचफुला आणखी एकदा आली तेव्हा सरिताने आतल्या खोलीत बसून, नाही म्हणून सांगायला लावलं. खिडकीतून तिने पाहिलं, पंचफुला अंगणातल्या कडुनिंबाखाली बसली, डबा उघडून भाकर खाल्ली, हात धुतले, एक गोळी काढून पाण्याबरोबर घेतली, आणि बसस्टँडकडे चालायला लागली. चालताना ती शेजारच्या शाळेच्या कुंपणाशी थांबली. मधली सुट्टी होती. ती आत पाहत उभी राहिली. एकेका पोरावरून तिची नजर सावकाश फिरत होती. आपला कुठला ते तिला पाहून ओळखायचं होतं. सरिताने खिडकी लावून घेतली. आपल्याला हे सांगावं लागेल, हे तिला तेव्हा पक्कं कळलं.

आधी हरिदासला गाठायचं म्हणून ती आर्वीला गेली. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले, त्यामुळे एकदम म्हातारा दिसत होता. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तो तिच्याकडे न पाहता बोलला. "मी काय सांगू मॅडम? दवाखान्यात पहिल्यांदा ओळखलं तिनं मले, तवा पहिलं तोंडातून निघालं, पियुष कोठी हाय. मी म्हटलं, वसतिगृहात. त्या एका शब्दावर बरी झाली ते. डॉक्टर म्हणे, गोळ्या चांगल्या लागू पडल्या. पण मले मालूम हाय काय लागू पडलं."

"पण तुम्ही तर समितीसमोर सही दिली होती. तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं ना." त्याने चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. "तिले सांगाची हिंमत नाई झाली. आता सांगतलं त पुन्हा तशीच होईन ते. पुन्हा दोरी घेऊ काय हातात? तुम्ही पाह्यली ना ते दोरी. मी बांधली होती. माह्या सख्ख्या बहिणीले." त्याने भुवईवरचा कापूस पुसला. "तुम्ही सांगा. तुमचं कामच हाय ते. मी दारात उभा राह्यतो."

त्यांची खोली जिनिंगच्या मागच्या बाजूला होती. पंचफुला यार्डातून नुकतीच आली होती, अंगावर सोयाबीनची धूळ. सरिताला पाहून तिचा चेहरा असा उजळला की सरिताने डोळे खाली केले. "आणला का जी त्याले?" असं म्हणत ती तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहू लागली. दारात हरिदास पाठ करून उभा होता. सरिता खाली चटईवर बसली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, कितीतरी घरांत कितीतरी वाईट गोष्टी सांगताना वापरून गुळगुळीत झालेली वाक्यं. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. ती म्हणाली, "पंचफुलाताई, पियुष वसतिगृहात नाही. त्याला एका घरी दिलं. दत्तक. कायद्यानं आता तो त्यांचा मुलगा आहे."

बाहेर जिनिंगचं यंत्र चालू होतं. जमीन हलकीशी हादरत होती आणि पाण्याच्या गुंडावरचं झाकण बारीक वाजत होतं. पंचफुलाने उठून ते नीट बसवलं आणि पुन्हा येऊन बसली.

"कोणत्या गावाले?"

"ते मला सांगता येत नाही, ताई. कुणालाच सांगता येत नाही."

"लांब हाय?"

"हो. खूप."

"आपल्यासारखं बोलते काय ते लोकं?"

सरिताला या प्रश्नाची तयारी नव्हती. "नाही," ती म्हणाली. "दुसरी भाषा बोलतात."

"मंग तो बोलन ते मले समजाचं नाई आता." पंचफुलाने हे स्वतःलाच सांगितलं, हिशोब लागल्यासारखं. मग विचारलं, "मी मेली असं सांगतलं काय त्याले?"

"नाही. आजारी आहे असं सांगितलं होतं. बरी व्हायला गेली म्हणून."

"रडत होता?"

"आधी रडायचा." सरिताला खोटं बोलता आलं असतं, पण कोणतं खोटं कमी लागेल हे तिला कळेना. "जाताना नाही रडला."

दारातून हरिदासचा हुंदका ऐकू आला. पंचफुलाने तिकडे पाहिलं नाही. सरिता भराभर बोलू लागली. लोक फार चांगले आहेत, शिकलेले आहेत, त्याचं अंग भरलं आहे, तो मोठा झाल्यावर त्याने स्वतः आपल्या आईला शोधायचं ठरवलं तर तशी सोय असते, तेव्हा तुमचं नाव निघेल. पंचफुलाने सगळं ऐकून घेतलं. "दीड वर्षाचा होता ना तो?" तिने विचारलं. "मले माहंच त्या वख्ताचं काही याद नाई, त त्याले काय राह्यीन." मग ती उठली. पाहुणी आलेली आहे आणि चहा टाकला नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. सरिता नको नको म्हणत असताना तिने स्टोव्ह पेटवला, साखर जरा जास्त टाकली, कप पदराने पुसून पुढे ठेवला. सरिताने तो चहा प्यायला. तोंड पोळलं तरी ती पीत राहिली, कारण कप रिकामा होईपर्यंत तिला काही बोलावं लागणार नव्हतं.

नंतरचे दिवस ती फोनची वाट पाहत होती. हरिदासचा फोन येईल, ती विहिरीवर गेली म्हणेल, भिंतीशी बसली म्हणेल. फोन वाजला की ती धावत जाऊन उचले, आणि दुसरंच कुणी निघे. एखादा सरपंच, एखादी अंगणवाडी सेविका, सासरहून पळून आलेली एखादी पोरगी. या वाट पाहण्यात आणखी काहीतरी मिसळलेलं आहे हे तिला एका संध्याकाळी गॅसपाशी उभं असताना कळलं आणि तिचा हात तसाच राहिला. पंचफुला पुन्हा वेडी झाली तर समितीचा निर्णय बरोबर ठरणार होता. डॉक्टर बरोबर ठरणार होते, जाहिरात, मुदत, सगळं. ती, सरिता, बरोबर ठरणार होती. आपण एका बाईचं डोकं फिरण्याची वाट पाहतो आहोत. तिने गॅस बंद केला आणि अंधारत चाललेल्या स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी राहिली.

फोन आला नाही, तेव्हा ती स्वतःच गेली. यार्डात सोयाबीनचे ढीग लागले होते. उन्हात पिवळी धूळ तरंगत होती, श्वासाबरोबर घशात जात होती. बायांच्या ओळीत पंचफुला चाळणी धरून बसली होती. हात लयीत चालत होते, शेजारणीशी काहीतरी बोलतही होती. सरिताला पाहताच तिने चाळणी ठेवली, पदर सारखा केला आणि एक रिकामं पोतं झटकून सावलीत अंथरलं. "बसा जी मॅडम. उन्हाच्या आल्या." बाटलीतलं पाणी दिलं. सरिता तिच्या डोळ्यांत शोधत होती. तिथे काहीच नव्हतं, म्हणजे सगळं जागच्या जागी होतं.

"बरं वाटते ना?" सरिताने विचारलं, आणि विचारता विचारता तिला स्वतःची लाज वाटली.

पोत्यावर सांडलेले दोन दाणे वेचून पंचफुलाने ढिगात टाकले.

"एक सांगू जी? भाऊ भेते. तो समजते, माहं डोकं जाईन. मलेही वाटलं, आता जाईन. मी वाटच पाहून राह्यली होती." ती हळू बोलत होती, शेजारणींना ऐकू जाऊ नये म्हणून. "तवा कसं होतं, काही समजत नव्हतं. भूक समजत नव्हती, ऊन समजत नव्हतं, पोरगं नेलं तेही समजलं नाई. चांगलं होतं ते. गोळ्याही सोडून पाह्यल्या मी आठ दिवस. नाई जात, मॅडम." ती सरिताकडे बघत होती. दुकानातून आणलेली वस्तू चालत नाही म्हणून परत आणावी, तसं. "डोकं आता कोठीच जात नाई."

मुकादमाने हाक मारली. पंचफुला उठली, कमरेला पदर खोचला आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. सरिता पोत्यावरच राहिली. चाळणी पुन्हा हलू लागली, खाली दाणे पडत होते, वर कचरा राहत होता, आणि पंचफुला तो दर खेपेला हाताने नीट गोळा करून बाजूला टाकत होती.